गणित कच्चं, मत पक्कं

निवडणूक जवळ आली की पुण्यातल्या आमच्या खानदेशी कंपूत एक प्रश्न हमखास फिरतो : "त्या माणसाला अर्थशास्त्रातलं काही कळतं तरी का?" विचारणारा बहुधा हिंजवडीत नाहीतर खराडीत नोकरीला असतो. डोक्यावर वीस वर्षांचं गृहकर्ज, दोन-तीन एसआयपी चालू, आणि मतदारयादीतलं नाव मात्र अजून धुळे नाहीतर जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्यातरी गावात. प्रश्नातच उत्तर असतं. कळत नाही, सबब मत नाही. विषय संपला, चहा सांगा.

माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. माझंही मत गावाकडेच आहे, आणि मी ज्याच्या बाजूने आहे त्या उमेदवाराची अर्थशास्त्राची समज यथातथाच आहे. सरसकट कर्जमाफी, कापसाला मागाल तो भाव, केळीला वेगळा हमीभाव हे सगळं तो एकाच भाषणात देऊन टाकतो. पैसे कुठून आणणार विचारलं तर म्हणतो, "सरकारले काय पैशाना तोटा शे का भाऊ?" (राज्याचा अर्थसंकल्प दाखवून 'हो, शे' असं सांगता येतं. त्याकडे येतोच.) तरीही मी त्याच्या बाजूने आहे, उघडपणे आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव आलं की पक्ष येतो आणि पक्ष आला की मुद्दा पळतो. त्याऐवजी अख्ख्या खानदेशाला आठवतं असं एक जुनं उदाहरण घेऊ.

२०११ ची अखेर. जामनेरचे आमदार गिरीश महाजन कापसाच्या भावासाठी जळगावात उपोषणाला बसले होते. मागणी होती क्विंटलला ६,००० रुपयांची. त्या वर्षीचा केंद्राचा हमीभाव होता मध्यम धाग्याला २,८०० आणि लांब धाग्याला ३,३००. बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे मागणी हमीभावाच्या जवळजवळ दुप्पट!

आता सहा हजार हा आकडा हवेतून आलेला नव्हता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कापसाने सहा-सात हजारांपर्यंत उडी मारली होती. जगाच्या बाजारात मार्च २०११ मध्ये रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली होती. वर्ष संपता संपता ती निम्म्याखाली आली. शेतकऱ्याने बियाणं, खतं, मजुरी हे सगळं चढ्या भावाच्या आशेवर घेतलं आणि माल घरात आला तेव्हा बाजार बसलेला. त्याच्या लेखी सहा हजार म्हणजे "गेल्या वर्षी मिळत होते तेवढे तरी द्या". मागणी समजण्यासारखी आहे. पण समजण्यासारखी असणं आणि हिशेबात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी.

हिशेब करूनच टाकू, आपल्याला त्याचीच सवय. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. १७० किलोची एक गाठ, म्हणजे पाच क्विंटल कापूस. राज्यात सत्तर लाख गाठींचं पीक धरलं तर झाला साडेतीन कोटी क्विंटल. बाजार चार हजार, मागणी सहा हजार, क्विंटलमागे खड्डा दोन हजारांचा. साडेतीन कोटी गुणिले दोन हजार : सात हजार कोटी रुपये. एका पिकाचे, एका हंगामाचे. शिवाय एकदा सहा हजार जाहीर केले की शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातला कापूसही रात्रीतून महाराष्ट्रात येणार, आणि गिरणीवाला एवढ्या महाग रुईचं सूत विकणार कुणाला? अर्थशास्त्राच्या पेपरात ही मागणी नापास आहे. ग्रेस मार्क देऊनही नापास.

मग प्रश्न असा : त्या उपोषणाच्या मंडपात जे शेतकरी जाऊन बसले, ज्यांनी त्या माणसाला पाठिंबा दिला, ते चुकले का?

मी म्हणतो, नाही चुकले.

कारण एक : आमदाराच्या हातात कापसाचा हमीभाव नसतो. तो दिल्लीत ठरतो. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक समिती मंजूर करते. विरोधी बाकावरच्या आमदाराचं काम तारांकित प्रश्न टाकणं, लक्षवेधी लावणं, कलेक्टरसमोर बसणं, रस्त्यावर बसणं. त्याच्याकडे तिजोरीची किल्ली नसते, त्याच्याकडे घसा असतो. घशाकडून आपण ताळेबंद मागत नाही, आवाज मागतो. त्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने कापूस, सोयाबीन आणि धान उत्पादकांसाठी सुमारे २,००० कोटींची मदत जाहीर केली. ती एकट्या जळगावच्या उपोषणामुळे आली असं कुणी म्हणू नये, विदर्भातही रान पेटलेलं होतं. पण नुसतं अर्थशास्त्र बरोबर असलेल्या लोकांनी गप्प बसून ती आणली नाही हेही तितकंच खरं. सात हजार कोटींची अशक्य मागणी झाली म्हणून दोन हजार कोटींचा शक्य आकडा निघाला. बाजारात भाजी घेताना आपल्या आयांना हे तंत्र पक्कं ठाऊक असतं, आपल्यालाच एमबीए केल्यावर विसरायला होतं.

कारण दोन जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांना अर्थशास्त्र कळतं त्यांनी त्याच हंगामात काय केलं ते पाहा. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. पंतप्रधान कोण होते? डॉ. मनमोहन सिंग. देशाच्या इतिहासात त्यांच्याइतका अर्थशास्त्र शिकलेला पंतप्रधान झाला नाही, याबद्दल वाद नसावा. वाणिज्य आणि वस्त्रोद्योग ही दोन्ही खाती तेव्हा एकाच मंत्र्याकडे होती. कृषिमंत्री शरद पवार यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याला विचारलंच नाही. आठवडाभरात बंदी मागे घेण्याची सुरुवात झाली. पण आठवडाभर का होईना, ज्या शेतकऱ्याच्या घरात माल पडून होता त्याच्या मालाचं गिऱ्हाईक एका अधिसूचनेने कमी करून टाकलं. चढता भाव असेल तर दार बंद, पडता भाव असेल तर 'बाजाराचे नियम' पाळा. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात लिहिलंय?

अर्थशास्त्र कळणं म्हणजे कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते कळणं नव्हे. त्या ज्ञानाने एवढंच सांगता येतं की निर्यात बंद केली तर गिरणीला रुई स्वस्त पडेल आणि शेतकऱ्याला भाव कमी मिळेल. दोन्ही परिणाम एकाच समीकरणात बसतात. कुठला सोसायचा, हे ठरतं त्या खोलीत कोण बसलंय आणि दाराबाहेर कोण ओरडतंय त्यावर. गिरण्यांच्या संघटनांची दिल्लीत ऑफिसं आहेत. धरणगावच्या, शिरपूरच्या, पारोळ्याच्या कापूसवाल्याचं दिल्लीत काय आहे? त्याचा आमदार-खासदार. बस.

आणखी मागे जा. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ती कुणा अडाणी पुढाऱ्याच्या मनात आलेली लहर नव्हती. कायदा करून, अभ्यास करून, अधिकारी नेमून राबवलेली योजना होती ती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. परिणाम? बाहेर भाव चढा असला की खानदेशातला कापूस रात्री सीमा ओलांडून मध्य प्रदेशात सेंधव्याला नाहीतर खेतियाला जायचा. बाहेर भाव पडला की सगळा माल सरकारच्या गळ्यात. योजनेचा संचित तोटा हजारो कोटींवर गेला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. म्हणजे बैलगाडीवाल्याला जे पहिल्या हंगामात कळलं ते मंत्रालयाला कळायला तीस वर्षं लागली.

इथे कंपूतला एखादा हुशार मित्र म्हणेल, "मग अर्थशास्त्र कळणारा आणि शेतकऱ्याच्या बाजूचा, असा उमेदवार शोध ना!" होता की. शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आलेला, चाकणला स्वतः शेती करून हिशेब मांडलेला माणूस. एकाधिकार खरेदी, निर्यातबंदी, झोनबंदी यांनी शेतकऱ्याला कसं लुटलं हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नाही. खुल्या व्यापाराला सगळे शेतकरी नेते शिव्या देत होते तेव्हा हा माणूस एकटा त्याच्या बाजूने बोलत होता. सभांना लाखांनी माणसं यायची. आणि मतपेटीत? थेट निवडणुकीत ते एकदाही निवडून आले नाहीत. २००४ ते २०१० मध्ये ते खासदार होते, पण राज्यसभेचे. तिकडे खुद्द मनमोहन सिंग १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीसारख्या शिकलेल्या मतदारसंघात हरले होते. तिथे तर कुणी कापूस लावत नाही!

'लोक अडाणी, दुसरं काय' असं म्हणणं सोपं आहे. मला ते खोटं वाटतं. लोक मत देताना एका ठरावीक कामाला माणूस नेमत असतात. रब्बीत डीपी जळाली तर ती कोण बदलून आणणार? बँक पीककर्जाला हेलपाटे घालायला लावते तर मॅनेजरला फोन कोण करणार? केळीच्या हवामान-आधारित विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या केंद्रावर तापमान किती नोंदलं गेलं त्यावर. रावेर-यावलच्या बागेत घड करपलेले आणि केंद्राच्या नोंदीत सगळं आलबेल, असं झालं तर त्या नोंदीवर भांडणार कोण? २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. मी अ‍ॅपच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, सातबारा, आधार आणि ओटीपी यांच्या त्रांगड्यात अडकलेल्या म्हाताऱ्याला किमतींचा सिद्धांत कळणारा माणूस नको असतो. त्याला केंद्रावर येऊन "या आबांची नोंदणी का होत नाही ते दाखवा" म्हणणारा माणूस हवा असतो. त्यावेळी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता आणि खेडा खरेदीतला व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा माल यायच्या तोंडावर, कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं होतं. हाही निर्णय शिकलेल्या माणसांचाच.

तर माझा उमेदवार ही कामं करतो. वर्षातले बाराही महिने करतो, निवडणूक नसतानाही करतो. म्हणून त्याला मत.

आता विरुद्ध बाजू. ती सोडून पळालो तर लेख खोटा होईल.

कच्च्या गणिताची किंमत काय असते हे बघायला जळगावकराला लांब जायची गरज नाही. सतरा मजली महापालिकेकडे मान वर करून बघावं आणि मग खाली रस्त्याकडे बघावं. जळगाव नगरपालिकेने मोठी स्वप्नं कर्ज काढून बघितली, त्यातलं बरंच कर्ज हुडकोचं. घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराचा खटला तर धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४८ जणांना शिक्षा झाल्या (पुढे अपिलं झाली). पण भ्रष्टाचार क्षणभर बाजूला ठेवा. नुसता हिशेब घ्या. उत्पन्न किती, हप्ता किती, हे न बघता काढलेल्या कर्जाने महापालिकेची बँक खाती गोठण्याची वेळ आली. दुसरीकडे व्यापारी संकुलातल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि भाडं ठरवण्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं, कारण गाळेधारकांना दुखवायचं कुणी? येणारा पैसा अडलेला, जाणारा पैसा थांबत नाही. शेवटी २०१९ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने हुडकोशी एकरकमी तडजोड झाली. दरम्यान एक अख्खी पिढी खड्डे चुकवत गाडी शिकली आणि पुण्याला निघून आली.

म्हणून मी म्हणतो, जागा बघा. नगराध्यक्ष, महापौर, जिल्हा बँकेचा अध्यक्ष, राज्याचा अर्थमंत्री या किल्लीच्या जागा. तिथे ज्याला हप्ता आणि उत्पन्न यांतला फरक कळत नाही त्याला, तो कितीही मायाळू असो, मत देऊ नये. विरोधी बाकावरचा आमदार, खेड्यातला जिल्हा परिषद सदस्य, एकटा खासदार या घशाच्या जागा. तिथे आधी बाजू बघा, मग चिकाटी बघा, आणि गणित तिसऱ्या नंबरला ठेवा. तेरा वेळा हाकलून दिलं तरी चौदाव्यांदा त्याच टेबलासमोर उभा राहणारा माणूस तिथे लागतो. धुळेकर हे जाणतात. धुळ्याला रेल्वे म्हणजे एक चाळीसगावची शाखा, ती १९०० सालची. मनमाड-इंदूर मार्गाचं आश्वासन ऐकत कित्येक पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. नव्या मार्गाबद्दल रेल्वेचा पहिला प्रश्न असतो परताव्याचा दर किती. गरीब भागात परतावा कमीच दिसणार, कारण रेल्वे नाही म्हणून धंदा नाही आणि धंदा नाही म्हणून रेल्वे नाही! २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या आणि सुमारे १८,०३६ कोटींच्या या मार्गाला मंजुरी दिली. इतकी वर्षं हा विषय जिवंत कुणी ठेवला? परताव्याची सूत्रं पाठ असलेल्यांनी नक्कीच नाही.

पण गंमत पुढे आहे. घशाला कधीतरी किल्ली मिळते.

२०१४ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि सहा हजारांसाठी उपोषण करणारे आमदार जलसंपदा मंत्री झाले. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,७५० आणि ४,०५०. सहा हजार कुठे गेले, हा प्रश्न विरोधकांनी लगेच विचारला, टोमणे मारून मारून विचारला. आणि २०११ मध्ये ज्यांच्या सरकारला सहा हजार परवडत नव्हते, तेच २०१७ मध्ये कर्जमाफीसाठी संघर्ष यात्रा काढून गावोगाव फिरत होते. खुर्च्या बदलल्या, भाषणं बदलली, भाषणांचे कागद तेच. (लांब धाग्याच्या हमीभावाने सहा हजारांचा आकडा ओलांडला तो २०२१-२२ मध्ये. दहा वर्षांत मजुरी, डिझेल, खतं कुठे गेली ते वेगळं सांगायला नको.)

मला राग विरोधकांच्या टोमण्याचा येत नाही, त्यांचं ते कामच आहे. राग येतो समर्थकांच्या मौनाचा. २०११ च्या मंडपात जे बसले होते, हार घालायला जे पुढे होते, त्यांनी २०१४ मध्ये पहिलं पत्र लिहायला हवं होतं : भाऊ, आता किल्ली तुमच्या मंत्रिमंडळाकडे आहे, सहा हजारांचं काय ते सांगा. जमत नसेल तर का जमत नाही तेही सांगा. हा प्रश्न विरोधकाने विचारला की ते राजकारण होतं. मत दिलेल्या माणसाने विचारला की उत्तर द्यावं लागतं, कारण पुढचं मत त्याच्याकडेच मागायचं असतं. शंका असलेला समर्थक ही उमेदवाराची सगळ्यात मोठी गरज आहे, आणि आपण नेमका तोच प्राणी नामशेष करत आणलाय. एक तर आंधळा पाठिंबा, नाहीतर तुच्छतेने नोटा.

आपल्या धंद्यात बघा ना. कोड रिव्ह्यू कोण करतं? आपल्याच टीममधला माणूस. त्याला रिलीज पाडायचं नसतं, वेळेवर आणि धड जावं असं वाटत असतं, म्हणूनच तो तुमच्या लूपमधली चूक दाखवतो. दुसऱ्या कंपनीच्या माणसाने चूक दाखवली तर तुम्ही ऐकाल का? राजकारणात मात्र आपण उलटं करतो. चूक दिसली की टीम सोडतो आणि बाहेर उभं राहून दात काढतो.

"पण त्यापेक्षा हिशेब कळणाऱ्या पक्षालाच मत दिलं तर?" असंही कुणीतरी म्हणतंच. द्या की! फक्त तो पक्ष मला दाखवा. २०२४ च्या विधानसभेला काय झालं? सत्ताधाऱ्यांनी लाडक्या बहिणीला महिना १,५०० सुरू केलेच होते, ते २,१०० करू म्हणाले. विरोधकांनी ती खैरात असल्याचं सांगत सांगत स्वतः ३,००० देऊ म्हटलं. दोन्ही बाजूंनी कर्जमाफी. निकालानंतर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० दिसले नाहीत. बहिणींसाठीची तरतूद आधीच्या ४६,००० कोटींवरून ३६,००० कोटींवर आली. महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राज्यावरचं कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या वर. कर्जमाफीचं विचाराल तर आंदोलन झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचं आश्वासन दिलं. म्हणजे तारीख मिळाली तीसुद्धा रस्त्यावर बसल्यावर! ज्याला फक्त चोख हिशेबाला मत द्यायचं होतं त्याला त्या निवडणुकीत घरीच बसावं लागलं असतं. आणि घरी बसलेल्याचा हिशेब कुणीच धरत नाही.

तेव्हा गणित कच्चं असलेल्यांमध्येही फरक करायला शिकलं पाहिजे. माझ्या लेखी तीन जाती आहेत. एक, ज्याला कळत नाही पण दाखवलं की ऐकतो. दोन, ज्याला कळत नाही आणि ऐकायचंही नाही. तीन, ज्याला सगळं कळतं आणि तरीही सभेत खोटा आकडा फेकतो. आपला कंपू तिसऱ्याला 'मुरब्बी' म्हणतो, पहिल्याला 'अडाणी' म्हणतो. मी पहिल्याला मत देतो. माझ्या उमेदवाराला मी कापसाचं वरचं सात हजार कोटींचं गणित कागदावर मांडून दाखवलं होतं. तो बराच वेळ कागद बघत राहिला आणि म्हणाला, "मंग कितलं जमी ते सांग." पुढच्या सभेत 'मागाल तो भाव' गेला आणि 'हमीभावाच्या खाली एक क्विंटल विकू देणार नाही, केंद्र वेळेवर सुरू करायला लावीन' असं आलं. कर्जमाफी अजून सरसकटच आहे. तिच्यावर काम चालू आहे. :)

त्यामुळे मंडळी, विनंती एवढीच. गावी तुमचा जो कुणी उमेदवार असेल, पक्ष कुठलाही असो, त्याला तीन प्रश्न विचारा. पैसे कुठून येणार? किती वर्षं द्यावे लागणार? त्यासाठी कुठलं काम थांबणार? उत्तर आलं नाही तरी लगेच पाठ फिरवू नका. तो घशाच्या जागेला उभा आहे की किल्लीच्या, ते बघा. घशाच्या जागेला असेल तर तो गेल्या पाच वर्षांत डीपीसाठी, विम्यासाठी, खरेदी केंद्रासाठी किती वेळा भांडला ते गावात विचारा. मग मत द्या, आणि निकालानंतर ते तीन प्रश्न पुन्हा विचारा, किल्ली मिळाली तर दर महिन्याला विचारा. स्प्रेडशीट तुम्हाला येते, त्याला येत नाही. त्याला चौदाव्यांदा कलेक्टरच्या दारात उभं राहता येतं, तुम्हाला येत नाही. अ‍ॅप्रेझलच्या वेळी मॅनेजरसमोर तुमचा आवाज किती फुटतो ते आठवा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

मतदानाला सुट्टी असते. ती लोणावळ्याला घालवणाऱ्याने निदान उमेदवाराच्या अर्थशास्त्रावर बोलू नये. ज्यांना हे सगळं पटलं नाही त्यांनी मला खुशाल शिव्या द्याव्यात. फक्त आकडे घेऊन याव्यात.